मुलीचं नाव 'क्षमा' ठेवावं का?

अबोली
मंडळी, नमस्कार. आम्हाला मुलगी झाली आहे, परवा तिला तीन आठवडे पूर्ण होतील. बारसं सव्वा महिना झाल्यावर करायचं ठरलंय, म्हणजे नाव नक्की करायला थोडा वेळ आहे. पण घरात आत्ताच दोन तट पडलेत.

माझ्या मनात एकच नाव आहे: क्षमा. नवऱ्याला चालेल. सासूबाईंना अजिबात पसंत नाही. "जन्मभर पोरीने लोकांच्या माफ्या मागत फिरायचं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नणंदेचं म्हणणं वेगळं आहे, आणि बाळाच्या कानात नाव आत्या म्हणून तीच सांगणार, तेव्हा तिचं ऐकावंच लागतं. ती म्हणते, सोसायटीतल्या मुलग्यांची नावं बघ, शौर्य, विराज, रणवीर. आणि आपण मुलीला पाळण्यातच सांगून टाकायचं की बाई, तू सगळ्यांना माफ करत जा?

सासूबाईंची समजूत काढता येईल. नणंदेचं बोलणं मात्र मनाला लागलंय. रात्री बाळाला पाजताना तेच डोक्यात घोळत राहतं. म्हणून विचारते: या शब्दाचा मुळातला अर्थ काय? तुमच्या ओळखीत कुणी क्षमा आहे का, आणि तिला या नावाचं पुढे काय वाटलं?

चाफेकळी
आधी मनापासून अभिनंदन! सासूबाईंना सांगा, क्षमा मागणारी ती क्षमाप्रार्थी. क्षमा म्हणजे जिच्याकडे मागायची ती. तिने कशाला कुणापुढे हात पसरायचे?

दर्यावर्दी
रत्नागिरीला आमच्या वर्गात दोन क्षमा होत्या. एकीकडे चूक कबूल केली की दुसरी ओरडायची, "मी नाही केलं हां माफ!" बाई हसून हसून बेजार. दोघी आजही माझ्या चांगल्या मैत्रिणी आहेत.

अनुस्वार
संस्कृत शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

धातू 'क्षम्'. त्याचा अर्थ सहन करणं, आणि त्याच्या जोडीला समर्थ असणं. मराठीत आपण दुसरा अर्थ रोज वापरतो, फक्त लक्षात येत नाही. सक्षम, अक्षम, कार्यक्षम, क्षमता हे सगळे त्याच घरातले. अमरकोशात 'क्षितिक्षान्त्योः क्षमा' असं दिलंय. क्षमा म्हणजे पृथ्वी, आणि क्षमा म्हणजे क्षांती, सहनशीलता. नांगराचा फाळ पोटात घेते आणि तरी पीक देते, ती.

आता विशेषनाम म्हणून. विष्णुपुराणात क्षमा ही दक्षाची मुलगी, पुलह ऋषींची पत्नी. दक्षाच्या मुलींची यादी एकदा सलग वाचून बघा: श्रद्धा, धृती, मेधा, शांती, सिद्धी, कीर्ती, प्रीती, स्मृती, क्षमा. मी सत्तरच्या दशकात शाळेत होतो. आमच्या शेजारच्या कन्याशाळेची हजेरी याहून फार वेगळी नव्हती. गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना स्त्रियांमधले सात गुण आहेत: कीर्ती, श्री, वाक्, स्मृती, मेधा, धृती आणि शेवटी क्षमा. सातांपैकी 'वाक्' तेवढं नाव म्हणून रुळलं नाही, तिथे आपण 'वाणी' केलं.

माहेरवाशीण
अर्गलास्तोत्रात 'दुर्गा क्षमा शिवा धात्री' आहेच की. आई नवरात्रात रोज म्हणते. काली, भद्रकाली, कपालिनी यांच्या रांगेत क्षमा उभी आहे. नणंदबाईंना ही ओळ जरूर ऐकवा.

खडूफळा
अनुस्वारकाका, माहिती उत्तम. पण अबोलीच्या नणंदेचा मुद्दा तिथेच राहिला. पृथ्वीसारखं सोस, असंच ना शेवटी? मी वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय. पटावर मुली नम्रता, क्षमा, शांता, सहना, आणि मुलगे विजय, प्रताप, अजिंक्य. मुलींना वागणूक सांगायची आणि मुलग्यांना यश चिंतायचं, ही आपली जुनी खोड आहे. नाव सुंदर आहे, वाद नाही. पण नणंद चुकीचं बोललेली नाही.

अनुस्वार
खडूफळाताई, यात व्याकरणाचाही भाग आहे. दया, क्षमा, करुणा, श्रद्धा, नम्रता हे शब्दच स्त्रीलिंगी, म्हणून मुलींकडे गेले. विनय, विवेक, संयम, संतोष पुल्लिंगी, ते मुलग्यांकडे. विनय म्हणजे तरी काय, नमून वागणंच. ते आपण मुलग्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आलोय.

खडूफळा
मग नपुंसकलिंगी शब्दांचं काय झालं ते सांगा ना! शौर्य, धैर्य, औदार्य, चातुर्य. व्याकरणाने ते कुणाचेच नाहीत. तरी शौर्य आणि धैर्य गेले मुलग्यांच्या पाळण्यात. आत्ता माझ्या पहिलीच्या वर्गात एक शौर्य आणि एक धैर्य आहे, दोघंही मुलगे. तिथे व्याकरणाने नव्हे, आपण वाटणी केली.

अनुस्वार
हा मुद्दा बिनतोड आहे. मी असा विचार केला नव्हता. मान्य.

पाटाचं_पाणी
+१ खडूफळाताई.

कृष्णाकाठ
आम्ही सांगलीकडचे जैन. आमच्याकडे हे नाव घराघरात आहे, माझी थोरली बहीण क्षमाच. दशलक्षण पर्वात भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत रोज एका धर्माचं चिंतन असतं, आणि पहिला दिवस उत्तम क्षमेचा. मग मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य, ब्रह्मचर्य. यातली संयम आणि आर्जव ही नावं हल्ली मुलग्यांना सर्रास दिसतात. बहिणीच्या मुलाचं नाव आर्जव आहे.

पर्व संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी थोरला धाकट्यापुढे हात जोडतो, सासू सुनेपुढे. माझे वडील कडक स्वभावाचे. वर्षभर त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नसायची. क्षमावाणीच्या दिवशी ते शेतावरच्या गड्यांना बसवून, टोपी काढून हात जोडायचे आणि म्हणायचे, "वर्षात काही बोललो असेन तर पोटात घाला." प्राकृतात म्हणतात, 'खामेमि सव्व जीवे, सव्वे जीवा खमंतु मे'. मी सगळ्या जीवांना क्षमा करतो, सगळे जीव मला करोत. करणं आणि मागणं एकाच ओळीत, आणि करणं आधी आहे.

त्यामुळे क्षमा हे बाईचं लक्षण आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. ते ज्याला जमेल त्याचं.

विश्वामित्री
बडोद्याहून. पाचव्या पिढीचे मराठी आम्ही, पण घरात निम्मी गुजराती. गुजरातीत सोसणं या अर्थी 'खमवुं' हा रोजचा शब्द आहे, तो याच 'क्षम्'चा. लेकरू ठेचकाळलं की आई 'खम्मा' म्हणून जवळ घेते. माझ्या कानाला त्यामुळे क्षमा हे नाव फार मऊ लागतं.

उच्चाराचं म्हणाल तर शेजारी कुणी 'छमा' म्हणतात, कुणी 'शमा'. त्याची सवय करावी लागेल.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्यात चुलतबहिणीची झाली 'समा'. आजीला क्ष यायचा नाही. बहीण स्वतःसुद्धा चौथीपर्यंत पाटीवर 'समा' लिहीत होती.

निळी_पहाट
थोडी भर घालते. १४ ऑक्टोबर १९५६च्या दीक्षेनंतर आमच्या घरांतली नावं एका पिढीत पालटली. आजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू. ती त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. वडिलांच्या पिढीपासून गौतम, सिद्धार्थ, राहुल, आणि मुलींमध्ये प्रज्ञा, करुणा, मैत्री, समता, सुजाता. माझं नाव प्रज्ञा. माझ्या आजीने ते ठेवलं, ती स्वतः अंगठा लावायची.

सांगायचं हे की गुणाचं नाव म्हणजे दरवेळी वागणुकीचा हुकूमच असतो असं नाही. कधी कधी ते 'हे तुझं आहे, तुझ्यापासून कुणी हिरावून घेणार नाही' असं सांगणंही असतं. बौद्ध परंपरेतल्या दहा पारमितांमध्ये, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांमध्ये, खंती आहे, म्हणजे क्षांतीच. दान, शील, प्रज्ञा यांच्या पंगतीला ती बसते.

खडूफळा
प्रज्ञाताई, हे वाचून थांबले. खरं आहे.

गोदाकाठ
पैठणच्या नाथांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. गोदावरीचं स्नान करून येताना एक माणूस अंगावर थुंकायचा आणि नाथ पुन्हा नदीकडे वळायचे, असं एकशे आठ वेळा. शेवटी तोच पायावर पडला. तुकोबा म्हणतात 'दया क्षमा शांती, तेथे देवाची वसती'. इतक्या मोठ्या परंपरेतलं नाव आहे. बिनधास्त ठेवा.

मीच_क्षमा
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझं नाव क्षमा, वय अठ्ठावन्न. गोदाकाठ, राग मानू नका, पण नाथांची ही गोष्ट मला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवली गेली की एकशे आठ आकडा तिथेच पूर्ण झाला असेल. भावाने पुस्तक फाडलं, क्षमा कर. आतेभावाने वेणी ओढली, नावाला जाग.

नोकरीतला प्रसंग सांगते, कुठली नोकरी ते राहू दे. माझ्या कामाचा अहवाल वरिष्ठांनी स्वतःच्या नावाने पुढे पाठवला. पहिल्या वेळी मी गप्प बसले. सहा महिन्यांनी पुन्हा तेच झालं. मी लेखी तक्रार घेऊन गेले, तेव्हा समोरचे अधिकारी कागदावरचं नाव वाचून म्हणाले, "अहो क्षमाबाई, नावातच आहे तुमच्या. द्या सोडून."

त्या वेळी तिथे काही सुचलं नाही. घरी आले तर वडील ओटीवर पेपर वाचत होते. नाव त्यांनीच ठेवलेलं. मी चिडून म्हटलं, "असलं कसलं नाव ठेवलंत?" त्यांनी चष्मा काढला, आत गेले आणि महाभारताचं वनपर्व घेऊन आले. द्रौपदी युधिष्ठिराला बोल लावते तो भाग. ती प्रल्हादाची गोष्ट सांगते. नातू बळी विचारतो, क्षमा मोठी की तेज? प्रल्हाद म्हणतो, नेहमी तेजही बरं नाही आणि नेहमी क्षमाही बरी नाही. जो सदा क्षमाच करत राहतो, त्याची वस्त्रं, वाहनं, अंथरूण त्याचेच नोकर उचलून नेतात. पहिला अपराध कुणाचाही असो, पोटात घालावा. दुसऱ्याला शिक्षा करावी. आणि जाणूनबुजून करून वर 'नकळत झालं' म्हणणाऱ्याला तर लहान चुकीलाही सोडू नये.

दुसऱ्या दिवशी तक्रार दिली. बारा महिने पाठपुरावा केला. अहवालावर माझं नाव लागलं.

अबोली, वडिलांनी तो भाग मला दहाव्या वर्षी वाचून दाखवला असता तर बरं झालं असतं, तिशीत कळला. नाव ठेवणार असाल तर ही गोष्ट नावासोबतच द्या तिला. बाकी मला माझं नाव प्रिय आहे. लग्नात बदलू दिलं नाही.

चाफेकळी
क्षमाताई, _/\_

अनुस्वार
क्षमाताईंच्या वडिलांना नमस्कार. त्याच धर्तीचं विदुराचं वचन उद्योगपर्वात आहे. क्षमावंतात दोष एकच, दुसरा सापडत नाही: लोक त्याला दुबळा समजतात. म्हणजे 'द्या सोडून' म्हणणारे तेव्हाही होते.

काटेकोर
अवांतर होतंय, क्षमस्व. पण 'क्षमस्व'वरूनच एक विचारायचं होतं. हल्ली "मी क्षमस्व आहे" असं लिहिलेलं दिसतं. ते बरोबर का?

अनुस्वार
नाही. 'क्षमस्व' हे आज्ञार्थी रूप आहे, 'तू क्षमा कर'. "मी क्षमस्व आहे" म्हणजे "मी तू माफ कर आहे"! 'दिलगीर आहे' म्हणा, नाहीतर नुसतं 'क्षमस्व'.

दर्यावर्दी
खरं तर बोलताना आपण यातलं काहीच म्हणत नाही. "चुकलं रे" म्हणतो. माफ हा अरबीतून आलेला शब्द, तो घरात आणि सरकारात दोन्हीकडे रुळला: सारामाफी, कर्जमाफी, माफीचा साक्षीदार. क्षमा राहिली पोथीत, पाळण्यात आणि राष्ट्रपतींच्या क्षमादानात. मला वाटतं म्हणूनच हे नाव ताजं राहिलं. रोजच्या वापराने झिजलं नाही.

टेनिसवेडा
कुणीच पंडिता क्षमाबाई राव यांचं नाव घेतलं नाही? १८९०चा जन्म, १९५४ला गेल्या. वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. वडील त्या तीन वर्षांच्या असताना गेले. मोठेपणी संस्कृतात काव्यं लिहिली, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं लिहिली. गांधीजींच्या लढ्यावर अनुष्टुभ छंदात 'सत्याग्रहगीता' लिहिली, ती १९३२ला पॅरिसहून प्रसिद्ध झाली. आणि माझ्या जिव्हाळ्याचं म्हणजे त्या टेनिस उत्तम खेळायच्या. त्यांच्या कन्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला.

सत्याग्रहाचं काव्य लिहिणारीचं नाव क्षमा. ती काही मुकाट सोसणारी बाई नव्हती.

सातासमुद्रापार
इथे अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण क्षमा सावंत यांचं. पुण्यात जन्म, मुंबईत वाढल्या, २०१४ ते २०२३ सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेवर होत्या. जातिभेदाला बंदी घालणारं सिअ‍ॅटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं, फेब्रुवारी २०२३, तो ठराव त्यांचाच. त्यांची मतं पटोत न पटोत, त्यांना कुणी गरीब गाय म्हणणार नाही.

गुणांची नावं इथेही आहेत. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या प्युरिटन लोकांनी मुलींना पेशन्स, प्रुडन्स, मर्सी अशी नावं ठेवली. आमच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपाल आजी पेशन्स आहेत. माझ्या मुलीचं नाव दीक्षा, तिचा 'क्ष' तीन महिन्यांत शिकल्या. प्रेमाने विचारलं की लोक शिकतात. उच्चाराच्या भीतीने नाव सोडू नका.

माहेरवाशीण
अबोली, एक विचारू? हेच नाव का सुचलं? तुम्ही ते कुठे सांगितलंच नाहीत.

अबोली
मुद्दाम नव्हतं सांगितलं. नावाबद्दल आधी मोकळं मत हवं होतं.

सातव्या महिन्यात मी माहेरी होते. आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, माळा आवरायला काढला. सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं: सौ. सुमती, खाली साल. पातेली, परात, तांबे, सगळीकडे सुमती. एका पोत्यात तळाशी पितळी फुलपात्र निघालं, हिरवं पडलेलं. चिंच लावून घासलं तर काठाखाली टिंबाटिंबांची अक्षरं उमटली: 'चि. सौ. कां. क्षमा हिस मामांकडून'. मी आईला विचारलं ही क्षमा कोण, तर तिलाही माहीत नाही.

आजी नव्वदीला टेकली आहे. तिच्या हातात दिलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मीच की." लग्नात तांदळाच्या ताटात आजोबांनी अंगठीने सुमती लिहिलं, त्या दिवसापासून कुणी क्षमा म्हटलं नाही. माहेरचेसुद्धा पत्रात 'सौ. सुमती' लिहू लागले. भेट आधी घडवून ठेवलेली, म्हणून त्या एका भांड्यावर जुनं नाव राहिलं. तिने ते कधी वापरात काढलं नाही, आणि मोडीतही दिलं नाही.

मी विचारलं, आवडायचं का नाव? म्हणाली, "शाळेत क्षमा म्हटलं की मी हजर म्हणायचे. सुमती म्हटलं की आले म्हणायचे."

म्हणून हे नाव.

दर्यावर्दी
...

खडूफळा
अबोली, मी माझं आधीचं मत बदलत नाही, मुलींना कुठली नावं वाटली जातात यावर बोलायलाच हवं. पण हे नाव तुम्ही ठेवाच. तुम्ही तिला सोसायला सांगत नाही आहात, एका बाईचं गेलेलं नाव परत आणताय. नणंदेला हे सांगितलंत का?

अबोली
नव्हतं सांगितलं. काल सांगितलं. हा अख्खा धागाही वाचायला दिला. क्षमाताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "गोष्टीसकट ठेवणार असशील तर कानात मी सांगते." सासूबाईंना अजून नाव जड वाटतंय. त्या छकुली म्हणतात, म्हणू देत.

मीच_क्षमा
आजींना माझा नमस्कार सांगा. बारशाला त्यांना पाळण्याजवळ बसवा. नाव पुकारलं की दोघींनी ऐकायला हवं.

काटेकोर
कामाचं सांगतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात बाळ झालं असेल तर ते कळवतात, पण खात्री करून घ्या. नोंद नावाशिवाय होते. नंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि दाखला हातात आला की इंग्रजी अक्षरं तिथेच उभं राहून तपासा. भाचीच्या दाखल्यावर क्षितिजाचा 'के' राहून गेला, तो पुढे शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट असा सगळीकडे सुधारत बसावं लागलं.

अबोली
नोंद झाली आहे, नावाची जागा रिकामी आहे. बारशानंतर लगेच जाऊन घालते. 'के' पाहून घेईन.

वऱ्हाडी_ठेचा
आणि कुणी 'समा' म्हटलं तर रागावू नका. आमची समा आता तालुक्याला डॉक्टर आहे, दारावर पाटी क्षमा, आणि गावचे लोक अजून समाबाईच म्हणतात.